हीण आणि मोल : महायुद्धकाळातील चांदीच्या रुपयांचा बाजारभाव

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या काळात भारतात पाडलेल्या चांदीच्या नाण्यांना दोन वेगवेगळ्या किमती असतात. सराफ नाणे तराजूत टाकतो, टंच काढतो आणि त्या दिवशीच्या चांदीच्या दराने आकडा सांगतो. नाण्यावर कोणाचा मुखवटा आहे, साल कोणते, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. संग्राहक आधी साल पाहतो, मग टाकसाळीची खूण, मग झीज, आणि वजन सगळ्यांत शेवटी. दोन्ही किमती बहुतेक नाण्यांच्या बाबतीत जवळजवळ राहतात. थोड्याच नाण्यांत त्यांची फारकत होते, आणि तिथे एका रुपयाचे मोल त्यातल्या चांदीच्या अनेक पट होऊ शकते. ही थोडी नाणी कोणती आणि ती थोडी का उरली, हे कळायला युद्धाने रुपयाचे काय केले ते पाहावे लागते.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. हे माप पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ ढळले नाही. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे मुखवटे बदलत गेले, पण वजन आणि कस तोच राहिला. घराघरांत तराजूचे माप म्हणून रुपया वापरला जाई, ‘रुपयाभार’ हे वजन त्यातूनच रूढ झाले. राणीछाप रुपया घडणावळ न देता मोडता येणारा दागिनाच होता. लमाण्यांच्या आणि अनेक आदिवासी समाजांच्या गळ्यांत रुपयांच्या माळा दिसत, त्याही याच भरवशावर.

या भरवशाला पहिला धक्का पहिल्या महायुद्धात बसला. भारतातून ताग, गहू, कातडी, युद्धसाहित्य मोठ्या प्रमाणावर बाहेर जात होते. त्याचे पैसे इथल्या शेतकऱ्याला आणि मजुराला रोख हवे होते, आणि रोख म्हणजे चांदीचा रुपया. त्याच वेळी जगभर चांदी महागली. लंडनच्या बाजारात एका औंसाला ४३ पेन्स हा भाव गाठला की रुपयातली चांदी रुपयाइतक्याच किमतीची होत असे. १९१७ मध्ये भाव तिथवर पोचला. त्यापुढे रुपया खर्चण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे ठरणार हे उघड होते, म्हणून सरकारने नाणी वितळवण्यावर आणि देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. त्याच वर्षाअखेर एक रुपयाची नोट निघाली. पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची नोट आली. कागदाच्या रुपयावर लोकांचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला.

१९१८ च्या वसंतात सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा धोक्याच्या पातळीखाली गेला. नोट घेऊन येणाऱ्याला रुपये मोजून देता आले नाहीत, तर ऐन युद्धात सरकारची पत जाणार होती. सुटका अमेरिकेने केली. एप्रिल १९१८ मध्ये तिथल्या काँग्रेसने पिटमन कायदा मंजूर केला. त्यानुसार अमेरिकी तिजोरीत पडून असलेले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळवून त्यांच्या विटा भारताकडे पाठवण्यात आल्या. चांदी होती सुमारे २० कोटी औंस. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींनी १९१८ आणि १९१९ या दोन्ही वर्षांत दर वर्षी ४० कोटींहून अधिक रुपये पाडले. त्या सालांच्या रुपयांत अमेरिकी डॉलरची चांदी मिसळलेली आहे. तिकडे अमेरिकेत, कोणत्या सालाचे किती डॉलर त्या भट्ट्यांत गेले याची नोंदच राहिली नाही, आणि तिथले संग्राहक आजही त्यावर वाद घालतात.

संग्रहाच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ आहे. पाचव्या जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ चा रुपया घरोघरी सापडतो, कारण तो कोट्यवधींनी पाडला गेला. त्याला शंभर वर्षे झाली म्हणून तो दुर्मीळ होत नाही. झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावावर थोडेसे जास्त मिळते, इतकेच. युद्ध संपल्यावर मागणी ओसरली, टाकसाळी थंडावल्या, आणि १९२१ व १९२२ सालचे रुपये तुलनेने थोडे निघाले. १९२२ चा मुंबई टाकसाळीचा रुपया म्हणूनच जाणकाराच्या हातात पडला की तो भिंग काढतो. १९२२ नंतर पाचव्या जॉर्जच्या उरलेल्या कारकिर्दीत रुपयाचे नाणे पाडलेच नाही. तिजोऱ्या युद्धकाळातल्या रुपयांनी तुडुंब भरल्या होत्या.

नाणे जितके जुने तितके महाग, ही समजूत बाजारात सर्वांत जास्त नुकसान करते. राणीच्या मुखवट्याचा १८६२ चा रुपया याचे चांगले उदाहरण आहे. १८६२ पासून पुढची बारा-एक वर्षे टाकसाळींनी नाण्यावरचे साल बदललेच नाही, त्यामुळे ‘१८६२’ छापलेले रुपये अमाप आहेत. नाण्यावरच्या ठिपक्यांनुसारचे काही प्रकार सोडले तर या सालाला कुणी विशेष भाव देत नाही. उलट त्याच्यापेक्षा ७७ वर्षांनी तरुण असलेला १९३९ चा रुपया पाहण्यासाठी संग्राहक लांबचा प्रवास करतात.

१९३९ चा रुपया

सहाव्या जॉर्जचा पहिला रुपया १९३८ सालचा, मुंबई टाकसाळीचा, जुन्याच कसाचा. १९३९ मध्येही त्याच कसाचा रुपया पाडला गेला. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणायचे ठरले. ज्या धातूच्या एका नाण्यातून आता जवळजवळ दोन नाणी निघणार होती, तो धातू तिजोरीत तसाच ठेवण्यात अर्थ नव्हता. १९३९ चे बहुतेक रुपये लोकांच्या हाती न पोचताच पुन्हा भट्टीत गेले असे मानले जाते. पाडले किती, हा आकडा इथे कामाचा नाही, भट्टीतून वाचले किती, हाच कामाचा. युद्धकाळातल्या सगळ्या नाण्यांना हे लागू आहे, पण १९३९ च्या रुपयाइतके ते उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

साहजिकच नकली १९३९ हा या क्षेत्रातला जुना धंदा आहे. सोपा मार्ग म्हणजे १९३८ चा खरा रुपया घ्यायचा आणि शेवटच्या आठाचा नऊ करायचा. धातू खरा, वजन खरे, मुखवटा खरा, फक्त एक आकडा खोटा. असे नाणे तराजूवर आणि कसोटीवर बिनचूक उतरते. ते पकडायचे तर दहापट भिंगाखाली नऊच्या भोवतीची सपाट जागा पाहावी लागते. कोरल्याच्या, घासल्याच्या बारीक रेघा तिथे राहतात. साच्यातून उठलेला आकडा जमिनीतून सरळ वर येतो, नंतर घडवलेल्या आकड्याच्या पायथ्याशी किंचित खळगा किंवा वेगळी चमक दिसते. खऱ्या नाण्याच्या स्पष्ट छायाचित्राशी आकड्याचा घाट ताडून पाहणे हा दुसरा उपाय. दुसऱ्या जातीची नकल संपूर्ण नाणेच नव्याने ओतून किंवा ठोकून केलेली असते. तिचे वजन बहुधा चुकते, कडेच्या खाचा मऊ पडतात, आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलसर दिसतात. प्रमाणपत्राशिवाय १९३९ चा रुपया मोठ्या किमतीला घेऊ नये, हा सल्ला अनुभवी व्यापारी स्वतःच देतात.

अर्ध्या चांदीचा रुपया

दुसऱ्या महायुद्धात पहिल्याचीच कथा अधिक वेगाने घडली. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनही आता टिकत नाही, अशी कुजबुज भारतात सुरू झाली आणि लोकांनी नोटा मोडून रुपये घ्यायला रांगा लावल्या. घेतलेले रुपये बाजारात परत येईनात, ते माठांत आणि भिंतींत जाऊ लागले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे हा गुन्हा ठरवला. जुलैमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आणली. तिच्यावर साल १९३५ होते, कारण ती आधीच छापून राखीव ठेवली होती. रिझर्व्ह बँकेची दोन रुपयांची नोट १९४३ मध्ये आली.

त्याच वर्षी, म्हणजे १९४० मध्ये, पावली (पाव रुपया), अधेली (अर्धा रुपया) आणि रुपया या तिन्ही नाण्यांचा कस टप्प्याटप्प्याने उतरवण्यात आला. नव्या मिश्रणात चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के. चार धातूंचे हे मिश्रण भारताने शोधले नव्हते. ब्रिटनने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, आपल्या नाण्यांतली चांदी निम्म्यावर आणली होती. नुसते तांबे घातलेली ती नाणी लवकर पिवळट पडू लागली तेव्हा प्रयोग करत करत हे प्रमाण तिथे स्थिरावले, आणि तेच भारतात आले. निकेल आणि जस्त हे तांब्याचा तांबूसपणा दाबण्यासाठी. वजन पूर्वीइतकेच, ११.६६ ग्रॅम, त्यामुळे शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम उरली.

नवा रुपया हातात घेतला की आधी कड पाहावी. जुन्या रुपयाच्या कडेवर नुसत्या उभ्या खाचा असतात. अर्ध्या चांदीच्या रुपयात त्या खाचांच्या मधोमध एक खोल पट्टी फिरवलेली आहे. हीण वाढले की खोटी नाणी पाडण्याचा मोह वाढतो. ओतीव नाण्याला अशी कड जमत नाही, म्हणून ही सोय. राजाच्या बाजूला सहाव्या जॉर्जचा डावीकडे पाहणारा मुकुटधारी चेहरा, पर्सी मेटकाफ या शिल्पकाराच्या हातचा. मागे फुलवेलींच्या महिरपीत इंग्रजी आणि फारसी लिपीत मूल्य, ‘इंडिया’ आणि साल. तळाच्या फुलाखाली ठिपका किंवा चौकटीच्या आकाराची बारीक खूण असेल, तर नाणे मुंबईचे. इंग्रजी ‘एल’ असेल, तर लाहोरचे.

लाहोरची टाकसाळ युद्धातूनच जन्मली. जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर कलकत्त्याच्या टाकसाळीवर सगळा भार ठेवणे धोक्याचे होते, आणि सैन्याच्या पगारापासून ठेकेदारांच्या देण्यांपर्यंत नाण्यांची भूक वाढतच होती. १९४३ मध्ये लाहोरला काम सुरू झाले. तिथले रुपये १९४४ आणि १९४५ या दोनच सालांचे. फाळणीनंतर ती टाकसाळ पाकिस्तानात गेली. इतक्या रंजक इतिहासामुळे नवखा संग्राहक लाहोरचा रुपया दुर्मीळ असणार असे धरून चालतो. तसे नाही. १९४४ मध्ये लाहोरने नऊ कोटींहून अधिक आणि १९४५ मध्ये अकरा कोटींहून अधिक रुपये पाडले. दोन्ही आजही सहज मिळतात.

या मालिकेत सर्वांत जास्त रुपये १९४२ चे, सुमारे २४ कोटी ४५ लाख. सर्वांत कमी १९४३ चे, सुमारे ६ कोटी ६० लाख. सहा वर्षांची बेरीज शंभर कोटींच्या पुढे जाते. तरीही ही नाणी चलनवाढीच्या मागे धावून दमली. युद्धारंभी चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, युद्ध संपताना तो आकडा अकराशे कोटींवर गेला होता. धातूच्या टंचाईमुळे छोट्या नाण्यांतही बदल झाले. तांब्याच्या पैशाला मधोमध भोक पडले ते १९४३ मध्ये, आणि आणे पिवळ्या निकेल-पितळेचे झाले. त्यांत चांदी नाही, म्हणून ती वेगळ्या प्रकरणात बसतात.

भट्टीकडे जाणारे रुपये

चांगला पैसा आणि हिणकस पैसा एकाच किमतीला चालू ठेवला, तर चांगला घरात जातो आणि हिणकस बाजारात फिरतो. अर्ध्या चांदीच्या रुपयासोबत जुना रुपया चलनात ठेवणे म्हणजे लोकांना साठवणुकीचे आमंत्रण देणे होते. म्हणून सरकारने उलट डाव टाकला. व्हिक्टोरियाचे रुपये आणि अधेल्या १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डच्या १९४२ मध्ये, आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जची जुन्या कसाची नाणी १९४३ मध्ये चलनातून बाद करण्यात आली. ठराविक मुदतीत खजिन्यात भरा आणि बदली पैसे घ्या, नाहीतर ते फक्त चांदीचे तुकडे, असा तो हुकूम.

कोट्यवधी रुपये परत आले आणि वितळले. पण सगळे आले नाहीत. ज्यांनी पुरून ठेवले होते त्यांना चांदीचा भाव सरकारी हुकुमापेक्षा भरवशाचा वाटला. आज लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवले जाणारे बहुतेक राणीछाप आणि राजाछाप रुपये अशा न परतलेल्या साठ्यांतून आलेले आहेत.

परत आलेल्या चांदीपैकी काही देशाबाहेर निघाली, आणि तिथे एक प्रकरण घडले ज्याची मुंबईत फारशी आठवण नाही. ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज ऑक्टोबर १९४२ च्या आरंभी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. प्रवासी, सर्वसाधारण माल आणि त्यासोबत २,१८२ पेट्यांत भरलेली सुमारे १०० टन चांदीची नाणी. ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये, सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला, ‘यू-६८’ या जर्मन पाणबुडीने ते बुडवले. लोक लहान होड्यांत दिवसेंदिवस भरकटत राहिले, शंभराहून अधिक जण दगावले. पाणबुडीचा कप्तान मर्टन याने होड्यांतल्या लोकांना बंदराची दिशा सांगून, बुडवल्याबद्दल क्षमा मागून निरोप घेतला, ही हकिगत वाचलेल्यांनी पुढे सांगितली. पेट्यांत सगळे पूर्ण रुपयेच होते असे धरले, तर १०० टनांत साधारण ८५ लाख रुपये बसतात.

ती नाणी सुमारे सत्तर वर्षे ५,१५० मीटर खोल पडून होती. २०१३ पर्यंत एका खासगी कंपनीने ब्रिटिश सरकारशी केलेल्या करारानुसार त्यांतली अनेक टन वर काढली आणि २०१५ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्यांतली बहुतेक वितळवून धातू म्हणून विकली गेली. पेट्या मुंबईहून निघताना त्यांत संग्राहकाच्या उपयोगाची किती साले होती, हे सांगायला कोणी उरलेले नाही. खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या नाण्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. अशा नाण्याला बुडालेल्या जहाजाची कथा विकत घेणारे गिऱ्हाईक मिळते, दर्जाचे नाणे शोधणारा मात्र ते उचलत नाही. कलकत्त्याहून चांदीच्या विटा घेऊन निघालेले आणि १९४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला बुडालेले ‘गेरसप्पा’ हे दुसरे जहाज. त्यातून २०१२ आणि २०१३ मध्ये सुमारे ११० टन चांदी निघाली, आणि ब्रिटनच्या शाही टाकसाळीने तिच्यातली थोडी नव्या स्मारक नाण्यांसाठी वापरली. कडेवर जहाजाचे नाव असलेली ती छोटी नाणी आता स्वतंत्र संग्रहवस्तू झाली आहेत.

युद्धाच्या उत्तरार्धात पुन्हा अमेरिकेकडे हात पसरावा लागला. या वेळी चांदी विकत नव्हे, उसनी मिळाली. ‘लेंड-लीज’ योजनेत भारताने सुमारे २२ कोटी ६० लाख औंस, म्हणजे जवळजवळ सात हजार टन चांदी घेतली. ती युद्धानंतर औंसाला औंस परत करायची होती. हे देणे फेडायचे, तर १९४० ते १९४५ मध्ये पाडलेल्या सगळ्या रुपयांतली चांदी गोळा केली असती तरी ती कमी पडली असती, इतका तो आकडा मोठा होता. १९४६ मध्ये अधेली आणि पावली, आणि पाठोपाठ १९४७ साल कोरलेला वाघाच्या चित्राचा रुपया निकेलमध्ये आला. भारतीय चलनातल्या चांदीचा शेवट झाला तो असा. ब्रिटननेही १९४७ मध्ये याच कारणाने चांदी सोडली. अर्ध्या चांदीचे रुपये हळूहळू परत घेऊन शुद्ध केले गेले आणि १९५७ पर्यंत उसनी चांदी परत पोचली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात कोट्यवधी युद्धकालीन रुपये नाहीसे झाले ते या कर्जापायी.

आजचा हिशेब

धातूची किंमत काढणे सोपे आहे. चांदीचा किलोचा दर एक लाख रुपये धरला, तर अर्ध्या चांदीच्या रुपयात ५८३ रुपयांची चांदी आहे आणि जुन्या कसाच्या रुपयात १,०६९ रुपयांची. २०२५ मध्ये चांदीने लाखाचा टप्पा बराच मागे टाकला, तेव्हा प्रत्यक्ष दर ज्याने-त्याने या प्रमाणात बसवून घ्यावा. सराफ यातून घट आणि शुद्ध करण्याचा खर्च वजा करतो. अर्ध्या चांदीच्या नाण्यावर ही वजावट जास्त असते, कारण उरलेल्या निम्म्या हिणाला मोल नाही आणि चार धातू वेगळे करणे त्रासाचे. काही पेढ्या असा माल घ्यायलाच नाखूश असतात.

अर्ध्या चांदीचा रुपया झिजला की ओळखू येतो. टाकसाळीत कोरी चकती आम्लात उकळून तिच्या पृष्ठभागावरचे तांबे काढले जाई, त्यामुळे नवे नाणे जवळजवळ शुद्ध चांदीसारखे पांढरे दिसे. काही वर्षे खिशात फिरले की वरचा पातळ थर जातो आणि गालाच्या, मुकुटाच्या उंच भागांवर पिवळट, मळकट छटा येते. जुना रुपया झिजला तरी करडा-पांढराच राहतो. पाण्यात बुडवून घनता काढली, तर जुन्याची सुमारे १०.३ आणि नव्याची सुमारे ९.५ भरते. चुंबकाला यांतले कोणतेच चिकटत नाही, १९४७ चा निकेलचा रुपया मात्र चटकन उडी मारतो.

संग्राहकाचा भाव ठरतो तो दर्जावर. हा बाजार फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन आणि अनसर्क्युलेटेड अशा इंग्रजी पायऱ्यांतच बोलतो. सहाव्या जॉर्जच्या रुपयात भुवई, कानावरचे केस आणि मुकुटातले मणी सर्वांत आधी सपाट होतात. तिथले बारकावे शाबूत असतील आणि नाणे दिव्याखाली फिरवताना चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरत असेल, तर ते चलनात आलेच नाही असे समजावे. १९४५ चे असे कोरे रुपये अजून बरेच मिळतात, कारण ते साठवणुकीत गेले आणि वापरलेच गेले नाहीत. त्यामुळे १९४५ चे झिजलेले नाणे चांदीच्या भावाने जाते आणि कोऱ्यालाही माफक वाढीवच मिळते. हाच दर्जा जुन्या कसाच्या १९३८ च्या रुपयात किंवा १९२२ मध्ये मिळाला, तर गोष्ट वेगळी. मोठ्या व्यवहारांत आता नाणे एनजीसी किंवा पीसीजीएस यांसारख्या परदेशी संस्थांकडे पाठवून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, सत्तर गुणांच्या मापावर दर्जा लिहून घेण्याची पद्धत रुळली आहे. खर्च पाहता सामान्य १९४२ च्या रुपयासाठी हे करणे व्यर्थ आहे.

दर्जा बिघडवण्याचे काम बहुधा घरातच होते. दिवाळीत पूजेआधी रुपये चिंचेने, लिंबाने, भांडी घासायच्या पावडरीने लखलखीत करायची चाल घरोघर आहे. त्याने चांदीवरचा काळसर थर जातो, पण त्यासोबत नाण्याची मूळ त्वचाही जाते आणि भिंगाखाली हजारो समांतर ओरखडे दिसू लागतात. ती चमक जाणकाराला फसवत नाही. संथपणे चढलेली करडी, निळसर, तांबूस छटा उलट वाढीव भाव आणते. माळेसाठी कडी जोडलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहकासाठी संपलेच, ते सराफाकडेच जाते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत वर्षानुवर्षे ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो, तोही हानिकारक. आम्लरहित कागदाचे लिफाफे किंवा कडक डब्या वापराव्यात आणि नाणे नेहमी कडेला धरावे.

नाणी पाहून डोळा तयार करायचा असेल, तर महाराष्ट्रात सोयी आहेत. मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे चलनसंग्रहालय, मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातले दिनेश मोदी नाणेसंग्रहालय, आणि नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून असलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था. किंमत कळण्यासाठी मात्र संग्रहालय उपयोगी नाही. त्यासाठी नोंदणीकृत लिलावगृहांच्या छापील याद्या आणि प्रत्यक्ष मिळालेले भाव पाहावेत. विक्रेत्याने मागितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘जुना रुपया द्या, लाखो घ्या’ छापाच्या जाहिरातींचा इथे स्वतंत्र उल्लेख करायला हवा. त्यांत आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग ‘रिझर्व्ह बँकेचे कमिशन’ अशा नावाखाली विकणाऱ्याकडूनच पैसे उकळले जातात. आपण अशा व्यवहारांत नाही आणि कसलेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले आहे. नाणे विकायला विकणाऱ्याने पैसे भरायची वेळ आली, की व्यवहार तिथेच तोडावा.

जमिनीत किंवा भिंतीत सापडलेला साठा हा वेगळा विषय आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. परदेशातल्या नातेवाइकांना नाणी पाठवतानाही कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९१४ ते १९२२ मधले सगळे चांदीचे रुपये या व्याख्येत आले आहेत, आणि १९४० चा अर्ध्या चांदीचा रुपया २०४० पासून येऊ लागेल.